साधं पाणी विचारलं नाही

माझ्या वजनाबद्दल बोलणारे आजवर पैशाला पासरी भेटले. लग्नात सासरच्या बायका बोलल्या, शाळेत हेडबाई बोलल्या, आणि आष्ट्यातले रिक्षावाले तर मी बसले की शेजारी दुसरं गिऱ्हाईक घेतच नाहीत. बोला बापडे. पण माझ्या दमाबद्दल ब्र काढायची कुणाची छाती झाली नव्हती. वृषाली खराडे चढाईला गेली की एका दमात समोरचा अख्खा संघ फिरवून आणायची, हे डोळ्यांनी बघितलेली माणसं गावात अजून आहेत. त्याच मैदानावर आता मी मुलींना कबड्डी शिकवते. आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी एका बिनबाह्यांच्या बंडीनं मला सांगितलं, की बाई, तुमच्या फुप्फुसांचा भरवसा देता येत नाही, तेव्हा तुमची किडनी काढता येणार नाही.

किडनी माझ्या बहिणीला द्यायची होती. अमृता, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, मिरजेला दिलेली. लहानपणापासून ती काडी आणि मी ओंडका. पाहुणे यायचे, तिच्याकडे बघून किती नाजूक म्हणायचे आणि माझ्याकडे बघून आईला विचारायचे, ही घरात कुणासाठी काही ठेवते की नाही. दोन वर्षांपूर्वी त्या नाजूक अमूच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले आणि डायलिसिस मागं लागलं. तिचा नवरा प्रवीण स्वतःची द्यायला एका पायावर तयार होता, पण त्याचं जुळलं नाही. कारखान्यात बनवलेली किडनी येणार येणार अशा बातम्या मी कॉलेजात होते तेव्हापासून ऐकतेय, ती अजून वाटेतच आहे. माझं मात्र रक्त जुळलं, पेशी जुळल्या, कमिटीपुढच्या मुलाखतीसुद्धा झाल्या. राहिली होती फक्त बंडी.

अमूचा खरा छळ सुयांचा नव्हता, पाण्याचा होता. किडनी चालत नाही म्हणजे प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही. ते पायांवर साठतं, मग छातीत साठतं. म्हणून तिला पाणी मोजून. मे महिन्यात सगळी मिरज माठ रिकामे करत असते आणि ही बर्फाचा एक खडा गालात धरून दुपार काढायची. मला ते बघवेना. मी तांब्या तोंडाला लावला की तिचा बारीक चेहरा समोर यायचा. शेवटी मी शंकराला नवस बोलले. अमूला किडनी मिळेपर्यंत दर सोमवार निर्जळी. रविवारी रात्री जेवणावर जे पाणी प्यायचं, ते पुन्हा मंगळवारी सकाळीच. तिला यातलं काही सांगितलं नाही. नवस काय गावभर सांगत फिरायचा असतो?

आता बंडीचं सांगते. तिचं सरकारी नाव देहश्वास मापक, पण दिसायला ती आमचे आजोबा घालायचे तशी बंडीच, म्हणून सगळीकडे तेच नाव पडलं. ती यायच्या आधी फुप्फुसं मोजायला नळी असायची. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून फुंकायचं. आमच्याकडच्या बायका तिथंच अडायच्या. चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर गाल फुगवून फुंकायचं म्हणजे काय! पदर सावरत हळूच फुंकर मारायच्या, आणि धडधाकट बाईची फुप्फुसं कागदावर दमेकऱ्याची निघायची. शिवाय नळीचा आकडा ताडून बघायचा तो वयाशी आणि उंचीशी. त्या उंचीत मांस किती, चरबी किती आणि ती बसलीय कुठं, याचा पत्ताच नाही.

बंडी कुणाला फुंकायला लावत नाही. ती अंगातून विजेचा इतका बारीक प्रवाह सोडते की कळतसुद्धा नाही. स्नायूंत पाणी भरपूर, त्यातून वीज सरसर जाते. चरबीत पाणी कमी, तिथं ती अडखळते. कुठं सरसर गेली आणि कुठं अडखळली, यावरून बंडी आपल्या अंगाचा नकाशा काढते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल म्हणून एक स्नायूचा पडदा असतो, तो प्रत्येक श्वासाला किती खालीवर होतो तेही ती बघते. मग सांगते, ही बाई आडवी झाली, तिला भूल दिली, तर तिची फुप्फुसं किती साथ देतील. शंभरापैकी ऐंशीच्या वर आकडा असेल तर किडनी द्यायला परवानगी. माझा आला एकोणसत्तर.

मापायला मी गेले होते ती भर दुपारी, सोमवारची. हॉस्पिटलच्या निरोपात लिहिलं होतं, उपाशी पोटी यावे. मला काय, माझा सोमवार होताच. सिस्टरनं विचारलं काही खाल्लंय का, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं की तोंडात कण घातलेला नाही. तिनं मान डोलावली, बंडी चढवली, बंद लावले, आणि थोड्या वेळानं तो आकडा पडद्यावर आला.

डॉक्टर शर्वरी हेर्लेकर तरुण बाई, पण बोलणं सरळ. बंडीला आपल्या भागातल्या बायकांची शरीरं शिकवायला ज्यांनी गावोगाव शिबिरं घेतली, त्यांत त्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला नकाशा दाखवला. मांड्यांवरची चरबी बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती श्वासाला त्रास देत नाही. पण पाळी जायचे दिवस आले की चरबी मांड्यांवरचं बिऱ्हाड हलवून पोटात राहायला येते. माणूस आडवं झालं की ती श्वासपटलाला खालून रेटते आणि फुप्फुसांची जागा खाते. त्यातून छातीचे, पाठीचे स्नायू भक्कम असतील तर निभावतं. माझ्या नकाशात स्नायू कमी आणि चरबी जास्त दिसत होती, आणि माझ्यासारख्या खेळलेल्या बाईचं असं कसं, याचं त्यांनाही जरा नवलच वाटलं. पण आकडा तो आकडा. चांगल्या माणसाला भूल देऊन धोक्यात घालायचं नाही, हा नियम आहे आणि तो मला मान्य आहे, असं त्या म्हणाल्या.

माझं डोकं असं फिरलं की बंडी तिथंच टराटरा फाडावी. पण आणखी पुढं होतं. मी बाहेर आले तर अमू बाकावर बसलेली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिनं ऐकलंय. मी म्हटलं, यंत्राला काय कळतंय, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ. ती उठली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आक्का, मला तुझी किडनी नको."

मी समजावलं, रागावले, प्रवीणला मध्ये घातलं. ती ढिम्म. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकदाच काय ते बोलली. "तू टेबलावर आडवी होशील आणि उठणार नाहीस. मग मी काय करू? तुझी किडनी पोटात घेऊन तुझ्या पोरींना तोंड कसं दाखवू?"

माझ्या दोन्ही पोरी हॉस्टेलवर, रोज फोन करून आईला रागवणाऱ्या. मी नुसती चिडले, पिशवी उचलली आणि आष्ट्याची एसटी धरली. वाटेत रडले, हेही सांगते. आयुष्यभर जिच्यासाठी मी आडदांड झाले, जिला शाळेत कुणी ढकललं तर मी जाऊन त्याला आडवं केलं, तिच्या कामाला माझं अंग येणार नव्हतं. एवढा ओंडका देवानं मग बनवला कशाला?

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आठवडाभर माझा फणफणाट सोसला. मग भाकरी थापता थापता म्हणाले की बंडीवर ओरडून ती ऐकणार नाही, डॉक्टरबाईंपुढं जाऊन काय ते बोल. आमच्याकडं भाकरी तेच करतात, माझ्या जाड होतात. मला ते पटलं आणि दुसऱ्याच दिवशी मी मिरजेला गेले. तो दिवसही सोमवारच होता. शाळेला मे महिन्याची सुट्टी, त्यामुळं मी मोकळीच होते. उपास अर्थातच चालू होता.

डॉक्टरबाईंच्या खोलीत मी उभी राहिले आणि म्हटलं, माझा दम बघायचा आहे ना, बघा. कमरेला पदर खोचला, श्वास भरला आणि सुरू केलं. कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात जमले. नियम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, चढाई करणाऱ्यानं एका श्वासात कबड्डी म्हणत राहायचं, मध्ये श्वास घेतला की दम गेला, गडी बाद. मी म्हणत राहिले. दाराशी एक म्हातारा कौतुकानं मान हलवत होता. अखेर माझा घसा कोरडा ठक्क पडला, ठसका लागला आणि मी खोकतच खुर्चीत बसले.

डॉक्टरबाईंनी घाईघाईनं पाण्याचा पेला पुढं केला. मी हातानंच नको म्हटलं. त्या म्हणाल्या, अहो प्या, ओठ किती सुकलेत तुमचे. मी म्हटलं, सोमवार आहे, निर्जळी.

पेला धरलेला त्यांचा हात तसाच राहिला.

"निर्जळी म्हणजे कालपासून पाणी नाही?"

"काल रात्रीपासून."

"मागच्या वेळी बंडी घातली तो कोणता वार होता?"

मी बोटांवर मोजायला लागले. त्यांनी स्वतःच यंत्रात बघितलं आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या. मग त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं, आणि मला वाटतं त्या स्वतःलाही सांगत होत्या. बंडी स्नायू ओळखते ते पाण्यावरून. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, वर मे महिन्याचं ऊन, त्यात एसटीचा प्रवास. स्नायूंतलंच पाणी आटलं तर वीज तिथंही अडखळणार. बंडीनं माझे सुकलेले स्नायू चरबी म्हणून मोजले होते. उपाशी पोटी या, असं आम्ही लिहितो तेव्हा पाणी चालतं असं आम्ही धरून चालतो, त्या म्हणाल्या. आणि तुम्ही उपाशी म्हटलं की उपास धरता. सिस्टर विचारते खाल्लंय का. पाणी प्यालात का, हे कुणी विचारतच नाही.

मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरी उंबऱ्यात आलेल्या पोस्टमनला आधी पाणी देतात. तुमच्या एवढ्या हुशार बंडीनं मला साधं पाणी विचारलं नाही.

त्या हसल्या, पण हसता हसता चेहरा उतरला. त्यांची सगळी शिबिरं गावोगावच्या शाळांत, देवळांच्या सभामंडपांत झाली होती, आणि त्यांतली बरीचशी श्रावणात. श्रावणात बायका मोकळ्या सापडतात म्हणून. म्हणजे बंडी ज्या शरीरांवरून शिकली, त्यांतली किती उपासाची, तहानेली होती, कुणास ठाऊक. त्या बायकांना तुमची फुप्फुसं कमकुवत म्हणून सांगून आम्ही घरी पाठवलं, त्या हळूच म्हणाल्या. बोलताना त्यांचे डोळे भरले. मला त्यांचा राग आला नाही. कामाची चूक अशी मान वर करून बघणारं माणूस मला आवडतं.

त्यांनी मला दोन दिवसांनी बोलावलं, भरपूर पाणी पिऊन. दुसऱ्यांदा आकडा आला पंच्याहत्तर.

म्हणजे ऐंशी नव्हेच. मी ऐटीत सांगणार होते की बघा, बंडी खोटी पडली. ती अर्धीच खोटी पडली होती. डॉक्टरबाईंनी मला तपासणीच्या टेबलावर उताणं झोपवलं आणि म्हणाल्या, आता म्हणा कबड्डी. मी श्वास भरला, आणि काय सांगू, पोटच वर आलं. कुणी उशी ठेवून बसावं तसं. उभ्यानं जेवढं म्हणत होते त्याच्या निम्म्यावर दम गेला. ऑपरेशन उभ्यानं होत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मी छताकडं बघत पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला बंडीचं म्हणणं पटलं आणि ते माझ्याच तोंडून पटलं होतं.

मग त्यांनी खरा बेत सांगितला. वजन उतरवायचं नाही, ते काट्यावर आहे तिथं राहिलं तरी चालेल. पोटातलं उतरवायचं आणि स्नायू चढवायचे. तीन महिने. अमूलाही बंडी घालायची होती, कारण भूल तिलाही द्यायची. तिचा आकडा माझ्याहून खाली आला. ती काडी, नाजूक, कुणी कधी तिला खाण्यावरून बोललं नाही. पण त्या बारीक अंगात स्नायू जवळजवळ नव्हतेच, आजारानं आणखी खाल्ले होते, आणि हाडांवर जे काही होतं ते चरबीच. बाहेरून दोघी किती वेगळ्या आणि बंडीच्या नकाशात दोघी एकाच वर्गात नापास. अमू नकाशाकडं बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता बोलवा त्या पाहुण्यांना.

निर्जळीचं तिला डॉक्टरबाईंकडूनच कळलं. रस्त्यानं चालताना ती एकदम थांबली. मला वाटलं चक्कर आली. पण तो राग होता. लहानपणापासून तिला इतकं रागावलेलं मी बघितलं नव्हतं.

"माझ्यासाठी पाणी सोडलंस?" ती म्हणाली. "मग माझ्यासाठी पी. माझ्या वाटचंही पी. मला पिता येत नाही, तू तरी पी, आक्का."

रस्त्यात, भाजीवाल्यांच्या समोर, आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. शंकराला मी मनातल्या मनात सांगितलं की बाबा, समजून घे. तेव्हापासून सोमवारी पाणी प्यायला लागले. पण खोटं कशाला बोलू, सोमवारचा प्रत्येक घोट घशात अडायचा.

अमूनं नकार मात्र मागं घेतला नव्हता. करून तर बघू, एवढंच म्हणाली. ती आमच्याकडे राहायला आली, डायलिसिसच्या दिवशी प्रवीण गाडी घेऊन यायचा. पहाटे मी मैदानाला फेऱ्या मारायचे आणि ती कडेनं हळूहळू चालायची. मग शाळेच्या व्यायामशाळेत. माझ्या हातात मोठं वजन, तिच्या हातात वाळूची अर्धी बाटली. माझ्या ताटातला भात उतरला, मटकी, पिठलं, अंडी आली. तिला काय चालतं आणि काय नाही याचं डॉक्टरबाईंनी वेगळंच बांधून दिलं होतं, ते सांभाळता सांभाळता यांच्या नाकीनऊ आले. पहिल्या महिन्यात काटा तसूभर हलला नाही. मी वैतागून काट्याला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला. अमू पोट धरून हसली. तिला तसं हसताना बघून मला वाटलं, सुजू दे.

मग तिनंच तिचं जुनं काम सुरू केलं. लहानपणी आम्ही गल्लीत कबड्डी खेळायचो तेव्हा अमूला कुणी संघात घ्यायचं नाही, धक्क्यानं मोडेल म्हणून. ती पंच व्हायची. तिचा कान असा की चढाई करणारी पोर नाकातून चोरून श्वास घेते, ते तिला बरोबर ऐकू यायचं. ती हात वर करून म्हणायची, दम गेला. माझासुद्धा. सख्ख्या बहिणीला बाद करायची आणि मी तिच्याशी दिवसभर बोलायचे नाही. आता रोज संध्याकाळी मी मॅटवर उताणी पडायचे, ती कानाशी गुडघे टेकून बसायची, आणि मी कबड्डी कबड्डी म्हणायचे. दम गेला, ती म्हणायची. पुन्हा. दम गेला. मी चिडून म्हणायचे, नाही गेला. ती नुसती बघायची. मग मी पुन्हा श्वास भरायचे.

पाऊस सरत आला होता. एका संध्याकाळी मी पडल्या पडल्या सुरू केलं आणि ती काही बोलेना. मी म्हणत राहिले. पोट वर येत होतं पण पूर्वीसारखं छातीवर बसत नव्हतं. बरगड्यांच्या बाजूंनी काहीतरी भक्कम धरून ठेवत होतं. मला वाटलं हिचं लक्षच नाही, म्हणून मान वळवून बघितलं. ती डोळे मिटून, श्वास रोखून ऐकत होती. माझा आवाज विरून संपला तेव्हा तिनं डोळे उघडले.

"दम टिकला," अमू म्हणाली. आणि मग, माझा हात धरून, "घेते मी तुझी किडनी."

खरं सांगते, त्यानंतर बंडीचा आकडा काय येतो याची मला धाकधूक उरली नव्हती. अमूच्या कानापुढं बंडी काय चीज आहे. तरी गेलो. बंडी चढवली, बंद लावले, आणि इतक्यात त्या बंडीतून एका बाईचा आवाज आला. "पाणी प्यालात का?" मी दचकून सिस्टरकडं बघितलं. ती म्हणाली, डॉक्टरबाईंनी नवीन बसवून घेतलंय, आता हो म्हटल्याशिवाय ती मोजतच नाही. श्रावणातल्या शिबिरांच्या बायकांनाही पुन्हा बोलावणं गेलं होतं, आणि त्यांतल्या कितीतरी जणींची फुप्फुसं चांगली ठणठणीत निघत होती. मी बंडीला म्हटलं, प्याले बाई, तांब्याभर प्याले. आकडा आला ब्याऐंशी. वजन किलोभरसुद्धा उतरलेलं नव्हतं. अमूचा आकडाही वर सरकला होता, तिच्यासारख्या पेशंटला पुरेल इतका.

ऑपरेशनच्या दिवशी आम्हा दोघींना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नाकावर मास्क ठेवला आणि सावकाश आकडे मोजा म्हणाले. आकडे कुठले सुचायला. आमच्या खेळात एक मोठी मायेची गोष्ट आहे. समोरचा गडी मारून मध्यरेषा गाठली, की आपला बाद होऊन बाहेर बसलेला गडी जिवंत होतो आणि उठून मैदानात येतो. अमूला गल्लीत कधी कुणी आत घेतलं नव्हतं. ती नेहमी बाहेर बसलेली. मी श्वास भरला आणि कबड्डी कबड्डी म्हणत आत गेले, ते मध्येच कुठंतरी विझलं.

जाग आली तेव्हा डॉक्टर शर्वरी उशाशी होत्या. पोटात आग पडली होती, पण श्वास सरळ येत होता, जात होता. मी अमूचं विचारलं. त्या वाकून माझ्या कानात म्हणाल्या की किडनी जोडली आणि तिथंच टेबलावर लघवी सुरू झाली. दुसऱ्या कुठल्या बातमीनं मला एवढा आनंद झाला नसता. माझ्या बहिणीला लघवी झाली, मी शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईला सांगितलं. तीही बिचारी म्हणाली, बरं झालं हो.

काही दिवसांनी मला चाकांच्या खुर्चीतून अमूच्या खोलीत सोडलं. तोंडाला मास्क, आणि दाराशीच, लांब बसायचं, अशी ताकीद. अमू उशीला टेकून बसली होती. गालांवर रंग आला होता, म्हणजे आमच्या घराण्यात असतो तेवढा. सिस्टरनं तिच्यापुढं पाण्यानं काठोकाठ भरलेला मोठा पेला ठेवला आणि म्हणाली, नवीन किडनीला पाणी लागतं, प्यायचं. अमू त्या पेल्याकडं बघत राहिली. सगळं, तिनं विचारलं. सिस्टर म्हणाली, सगळं, आणि मग आणखी.

तिनं पेला दोन्ही हातांनी उचलला. मला वाटलं घोट घोट घेईल, सवय कुठली राहिली होती तिला. तिनं तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. मी लांबूनच कान देऊन ऐकत होते. गळ्यातून पाणी उतरत होतं, मध्ये कुठंही श्वास नाही. रिकामा पेला तिनं मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"दम टिकला," मी म्हटलं.

तिनं सिस्टरला मलाही पाणी द्यायची खूण केली. मी मास्क खाली ओढला, पेला घेतला आणि प्याले. सोमवार होता. पाणी घशात कुठंच अडलं नाही.